वीणेमागं गेलेलं गाव

खारमाळ गावानं सरकारकडं दोन हवालदार मागितले होते. जमलं तर एक बाई हवालदार. एवढंच.

मागणी वेणूकाकूंची. खाडीच्या अंगाला टॉवर उभे राहिले तशी रस्त्यावर अनोळखी माणसं वाढली. बाजाराहून येणाऱ्या बायांची मंगळसूत्रं मोटारसायकलवरून ओढली जाऊ लागली, आणि तक्रार द्यायची तर पार पनवेलला जावं लागे. काकूंनी घरोघरी हिंडून बायांच्या सह्या घेतल्या आणि पदर खोचून कचेऱ्या पालथ्या घातल्या. "मैदानाच्या कोपऱ्यान एक खोली बांधा, तिथं माणूस बसवा. त्याचा चहा आमच्याकडं लागला," असं त्या प्रत्येक साहेबाला सांगत. साहेब हसत आणि अर्ज ठेवून घेत.

उत्तर आलं ते पत्र्याच्या पाटीवर. एका सकाळी मैदानाच्या तोंडाशी पाटी उभी होती: जागा विशेष सशस्त्र दलाच्या केंद्रासाठी राखीव, विनापरवाना प्रवेश केल्यास कारवाई. आठवड्याभरात गाडीही आली. राखाडी, खिडक्यांच्या जागी नुसत्या फटी, चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी. गावातली पोरं तिला हात लावून पळत सुटली. वेणूकाकू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"मंगळसूत्र चोरणारा आमच्या घराच्या बोळीन शिरला," त्या म्हणाल्या, "त या बयेनं त्याच्या मागं यायचं कसं? बोळ रुंद करून घ्यायची का घर पाडायचं?"

लोक हसले. तेव्हा अजून हसू येत होतं.

पूर्वी असं काही आलं की गाव ग्रामसभेत बसायचं, भांडायचं, ठराव करायचं. गाव महापालिकेत गेल्यापासून ग्रामसभाच उरली नाही. नगरसेवक म्हणाला, हे माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं त्यांची दारं आम्हाला सापडली नाहीत. मग गावाच्या रस्त्यावर लोखंडी अडथळा आला, खांबाखांबावर कॅमेरे आले, आणि अंगणात पापड वाळत घातलेल्या बायांच्या डोक्यावरून ड्रोन फिरू लागलं. आपल्याच घरी जाताना आधार कार्ड दाखवायची सवय लागली. सवय लागली, हेच आता जास्त लागतं मनाला.

काकूंचा पुतण्या हितेश जागांचे व्यवहार करतो, तोंडानं फटकळ. त्यानं अडथळ्यावर हुज्जत घातली, फोनवर चित्रण केलं. त्याला नोटीस आली. नोटीस पोलिसांनी काढली, सुनावणी पोलिसांपुढं झाली, आणि चांगल्या वागणुकीचा बाँडही पोलिसांनीच लिहून घेतला. परत आल्यावर हितेश म्हणाला, "काकी, भटजी तोच, मामा तोच, नि मुलगीवाला पन तोच. मना फक्त पाटावर उभा केला."

पनवेलच्या मोहल्ल्यातले रहीमभाई आमच्या गावाला मंडप आणि स्पीकर देतात. त्यांच्या वडिलांपासूनचं चालत आलंय. त्यांचा टेम्पो अडथळ्यावर अडवला. लोखंडी पाइप कशाला, वायरी कशाला, एवढ्या वायरी कशाला, असं विचारत त्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. मंडपाची परवानगी गावानं दाखवली तेव्हा सोडलं. "नाराज नका होऊ," रहीमभाई आम्हालाच समजावत होते, "त्यांनाही वरून हुकूम आहे. बाक तेवढा छोटा होता, माझं वजन त्यांना काय माहीत."

आता सप्ताहाचं सांगतो.

चैत्रात रामनवमी झाली की आमच्या मैदानावर अखंड नामाचा सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला उठतो. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी कीर्तन. पण सगळ्याच्या मुळाशी असते ती वीणा. सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकत नाही. कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे तो बसत नाही. माणसं पाळीपाळीनं उभी राहतात, त्याला पहारा म्हणतात. पहारा बदलताना नवा माणूस जुन्याच्या पायांवर डोकं ठेवतो, जुना त्याच्या पायांवर. मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तिथं वय बघत नाहीत, जात नाही, सावकार-कूळ नाही. वीणा गळ्यात असलेला माणूस तेवढ्या वेळेपुरता देवाचा असतो. तो चालला की सगळे त्याच्या मागं चालतात, तो वळला की वळतात. हे कुणी शिकवत नाही. लहानपणी आईच्या कडेवर बसून बघितलेलं असतं.

आमच्या वीणेचा भार आनंदाबुवांवर. आनंदाबुवा म्हणजे वेणूकाकूंचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली, पायांच्या टाचा अजून पांढुरक्या भेगाळलेल्या. बोलणं थोडं. वडिलांनी मरताना त्यांना एवढंच सांगितलं होतं, की वीणा आपल्या गावात खाली पडू देऊ नको. म्हणून कुणाचा पहारा चुकला, कुणी ड्यूटीवरून वेळेत आला नाही, तर बुवा उभे. सप्ताहात त्यांना बसलेलं मी फारसं बघितलेलं नाही.

आणि अविनाश साहेब. आमच्या पनवेलच्या ठाण्याचे फौजदार, घाटावरचे, पारनेरकडचे. घरात माळकरी परंपरा. बदली होऊन आले त्या वर्षी साध्या कपड्यांत कीर्तनाला येऊन मागं बसले. बुवांनी चाल धरली तशी यांनी मागून अशी टाळी दिली की पखवाजवाला वळून बघायला लागला. मागच्या वर्षी तर पहाटेचा एक पहारा त्यांनी मागून घेतला. वीणा गळ्यात, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. वेणूकाकूंनी त्यांना वाटीभर खीर दिली आणि म्हणाल्या, "साहेब, सप्ताहान कवापन या. पन सप्ताह उठला का आमच्या गल्लीन फिरकू नका. आमच्या चुलीवर मासळी चढली का तुमची माळ तुटंल."

"लांबून नाक धरून येईन, काकू," साहेब म्हणाले.

असा तो माणूस. आमच्यातलाच म्हणत होतो आम्ही त्याला, आणि ते काही खोटं नव्हतं.

यंदा सप्ताहाला सात दिवसांची परवानगी मिळाली ती याच साहेबांच्या शब्दावर. त्यानंतर मैदानाला कुंपण पडणार होतं. मारुतीच्या देवळात बैठक बसली तेव्हा हितेश म्हणाला, "सप्ताह उठतो कवा? काला झाला का. काला झाल्याबिगर वीणा उतरत नाय. मंग आपन कालाच नाय केला त?"

सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन होतं, दही-लाह्यांचा काला वाटतात आणि मग वीणा उतरवतात. काला टाळायचा, हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण हितेश बोलला ते खरंच होतं. नाम चालू आहे, वीणा उभी आहे, त्या जागेत बूट घालून कोण शिरणार? पोलीस झाले तरी त्यांच्या घरी आया आहेत.

आनंदाबुवा खांबाला टेकून होते. "देवाला कुंपनाला उभा करतोय आपन," ते म्हणाले. "मना बरा वाटत नाय."

"तो उभाच हाय की युगं न् युगं," वेणूकाकू म्हणाल्या. "चार दिवस आपल्या मैदानान उभा ऱ्हायला त त्याचं काय बिघडलं? तुमीच म्हनता ना, त्याला भक्ताघरी काम कराया आवडतं."

लोक हसले. बुवाही हसले, पण थोडेच. मग म्हणाले, "माझी एकच गोष्ट ऐका. मैदान ऱ्हावो नायतर जावो, वीणा आपल्या हातानं खाली ठेवायची नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या.

हनुमान जयंती झाली. जन्माचं कीर्तन झालं, पाळणा झाला, सुंठवडा वाटला. काला झाला नाही. काल्याला बोलावलेले महाराज घुटमळले, म्हणाले, मी असा सप्ताह पाहिलेला नाही. पण त्यांनीही वीणेला दंडवत घातला आणि बिदागी न घेता गेले. वीणा उभी राहिली.

पहिले दोन दिवस उत्साहाचे. आजूबाजूच्या गावांतून भजनी आले. उरणकडून एक दिंडी आली, आपट्याहून बाया भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या. मग ऊन वाढलं, लोकांच्या नोकऱ्या, शिफ्टा, पोरांच्या परीक्षा. पहाऱ्याला माणूस कमी पडू लागला. बुवांचे पाय सुजले. एक पाळी संपवून पाणी प्यायचे आणि पुढची धरायचे. काकू त्यांच्या पायांवर तेल चोळत, ते उभेच असताना, आणि पुटपुटत, "खांब तरी वाकतो कवा कवा."

बाहेरून रोज हुकूम ऐकवले जात. जमावबंदी लागू आहे, परवानगी संपली आहे, मैदान मोकळं करावं. हेल्मेटं घातलेली, ढाली धरलेली माणसं मैदानाच्या कडेनं उभी राहिली. ही आमच्या ठाण्याची नव्हती, बाहेरून आलेली होती. त्यांच्या नजरेला नजर मिळत नव्हती, हेल्मेटांवर काचा होत्या. राखाडी गाडी पिंपळाखाली येऊन तोंड मंडपाकडं करून थांबली. रहीमभाईंना बोलावून मंडप उतरवायला सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, मंडप माझा, पण आत उभा आहे तो माझा नाही. तो बाहेर आला की उतरवतो." मग त्यांचे स्पीकर जप्त झाले. त्या दिवसापासून नाम नुसत्या गळ्यावर चाललं. रहीमभाई घरी गेले नाहीत. मंडपाच्या मागल्या खांबाशी खुर्ची टाकून बसून राहिले.

मग ती सकाळ आली.

काकडा नुकताच संपला होता. पूर्वेकडं फटफटत होतं. मंडपात आम्ही साठ-सत्तर माणसं असू, निम्म्या बाया. मी टाळ धरून होतो. वीणा बुवांच्या गळ्यात होती आणि बुवा एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होते. तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी अविनाश साहेब आले. गणवेशात होते. त्यांनी बूट काढले, कमरेचा पट्टा सोडला, पिस्तुलासकट तो बरोबरच्या शिपायाच्या हातात दिला. आत येऊन वीणेपुढं लोटांगण घातलं. आमच्यातला एक जण बुक्का घेऊन पुढं झाला. साहेबांनी कपाळ पुढं केलं.

ते बुवांजवळ गेले. "पाय बघा काय झालेत, बाबा," ते हळू म्हणाले. "तासभर टेका. मी उभा राहतो."

बुवांनी त्यांच्याकडं बघितलं. साहेबांनी वाकून बुवांच्या त्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं. नुसतं टेकवलं नाही, ठेवलं, आणि उचलायला वेळ लावला. पहाऱ्याला कुणी असं वाकून वीणा मागितली तर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. बुवाही साहेबांच्या पायांवर वाकले. वीणा गेली.

मंडपात काय झालं ते कसं सांगू. बायांच्या डोळ्यांना पदर लागले. नाम दुप्पट चढलं. बाहेर ढाली उभ्या आणि आत खाकीच्या गळ्यात वीणा. हितेश माझ्या कानाशी म्हणाला, "आता बघतो कोन हात लावतो." मलाही तेच वाटलं. वाटलं, देवानं माणूस धाडला.

बुवा इतक्या दिवसांनी फळीवर बसले. बसताना त्यांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

साहेबांनी वीणेची तार छेडली आणि चालायला लागले. मंडपात प्रदक्षिणा होतेच, आम्ही मागं लागलो. एक फेरी, दोन फेऱ्या. साहेबांचा आवाज मोठा, गोड. रामकृष्णहरी. त्यांनी उचलायचं, आम्ही झेलायचं. तिसऱ्या फेरीला ते मंडपाच्या तोंडातून बाहेर पडले. बाहेरूनही प्रदक्षिणा घालतात, त्यात नवं काही नव्हतं. टाळकरी, पखवाज, बाया, मागं राहिलेली म्हातारी माणसं, सगळे एकामागून एक. मैदानाला अर्धा वळसा झाला. ढालीवाल्यांनी रांग उघडून वाट दिली. एकानं तर छातीला हात लावून वीणेला नमस्कार केला. आणि साहेब वळायच्या ठिकाणी वळले नाहीत. सरळ निघाले, कुंपणाआधीच मैदानाच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी फाटकातून रस्त्यावर, मारुतीच्या देवळाच्या वाटेनं.

पाय थांबले का कुणाचे? खरं सांगायचं तर नाही. कानात नाम, पुढं वीणा. वीणा चालली की चालायचं. देहाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

वेणूकाकू मंडपात नव्हत्या. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चुली होत्या, तिथं त्या दोघी-तिघींबरोबर न्याहारीच्या खिचडीचं आधण ठेवत होत्या. त्यांना लांबून सगळं दिसलं. माणसांची रांग बाहेर जाताना दिसली आणि तिच्या शेपटामागून हेल्मेटांची रांग मिटत येताना दिसली. त्या ओरडल्या. नाव घेऊन ओरडल्या, हितेशला, बुवांना, मला. पुढं टाळ-पखवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. रहीमभाईंना आलं. ते खुर्चीवरून उठले आणि हात हलवत आमच्यामागं धावले, पण जड माणूस, फाटकापाशी पोचेपर्यंत दम संपला.

आनंदाबुवा सगळ्यांत शेवटी होते. फळीवरून उठून लंगडत येत होते. फाटकाच्या ओळीवर ते थांबले. त्यांना काकूंचा आवाज आला होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मागं वळून बघितलं, कळलं. थांबले असते तर भजनातला एक माणूस तरी मैदानात राहिला असता. पण पुढं वीणा चालली होती आणि पुढच्या पहाऱ्याला आपल्याशिवाय कुणी नाही, हेही त्यांना माहीत होतं. ते बाहेर पडले. त्यांच्या पाठीमागं फाटक लागलं.

देवळात पोचल्यावर नाम मोडलं. कुणीतरी म्हणालं, अरे, मैदान? आणि एकेक टाळ थांबत गेला. रस्त्यावरून पत्रे उतरवल्याचा आवाज येत होता. कुंपणाचे पत्रे आधीच ट्रकात भरून ठेवले होते.

साहेब मारुतीपुढं उभे होते. गळ्यात वीणा, कपाळावर बुक्का, पाय मातीनं भरलेले.

हितेश पुढं गेला. "वीणा द्या," तो म्हणाला.

साहेब वाट बघत राहिले. वीणा घ्यायची तर वाकावं लागतं. हितेश ताठ उभा राहिला, मग एक घाण शिवी त्याच्या ओठांपर्यंत आली, मारुतीकडं बघून त्यानं ती गिळली आणि मागं सरला. दुसरं कुणी पुढं झालं नाही. साहेबांनी आमच्या तोंडांवरून नजर फिरवली. माझ्यावर आली तेव्हा मी टाळांची दोरी बघत होतो.

पहारा संपायची वेळ झाली आणि टळली. साहेबांच्या खांद्यावरचं यंत्र खरखरत होतं, कुणीतरी त्यांना नाव घेऊन बोलावत होतं. ते जाऊ शकत नव्हते. वीणा खाली ठेवू शकत नव्हते. कुणी घेत नव्हतं. आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो आणि तो माणूस मधोमध उभा होता. अशी शिक्षा आम्ही कुणाला कधी केली नव्हती, आणि ती करताना आमचंही बरं चाललं नव्हतं.

बऱ्याच वेळानं वेणूकाकू आल्या. त्या चुलीपाशी बसून राहिल्या होत्या. दोन महिला पोलिसांनी त्यांना उचलून रस्त्यावर आणून ठेवलं होतं. कोपर खरचटलं होतं, लुगड्याला राख लागली होती. रहीमभाई त्यांच्या मागं होते. काकू देवळाच्या पायरीवरच थांबल्या.

साहेबच बोलले. "काकू, सात वाजता आत शिरायचा हुकूम होता. अश्रुधूर होता, लाठी होती. ती माणसं माझी नाहीत, माझं ऐकत नाहीत. आत एवढ्या बाया, म्हातारी माणसं. बाबांचे पाय असे. मी दुसरं काय करणार होतो, सांगा तुम्ही."

"इचारायचं होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"आमाला इचारायचं होतं. मंडपान येऊन सांगायचं, सात वाजता मारनार हाईत, जाता का ऱ्हाता. आमी काय ते ठरवलं असतं. कोनी गेले असते, कोनी मार खाल्ला असता. तो आमचा मार होता, साहेब." त्यांचा आवाज चढला नव्हता. "दोन हवालदार मागितले तवापन कोनी इचारलं नाय. तुमी पन नाय."

बायांपैकी कुणीतरी हुंदका दिला. हुंदका कशासाठी होता ते त्या बाईलाही सांगता आलं नसतं. पत्र्यांवर हातोडे पडत होते.

आनंदाबुवा उठले. खांबाला धरून उठले, सावकाश चालत साहेबांपुढं गेले. हितेश म्हणाला, "काका, नको." बुवांनी ऐकलं नाही. दोन्ही गुडघे टेकले, आणि ज्या पायांनी गाव मैदानाबाहेर नेलं होतं त्या मातकट पायांवर डोकं ठेवलं. साहेबांनाही वाकायचं होतं, रीतच ती. वाकले तेव्हा त्यांच्याकडून लवकर उठवेना. वीणा मधे लोंबत राहिली. बुवांनी ती खालून हातावर तोलून धरली, जमिनीला लागू दिली नाही, आणि आपल्या गळ्यात घेतली.

"जावा तुमी," बुवा म्हणाले. "तुमाला बोलावतायत."

साहेब गेले. अनवाणीच गेले. त्या वर्षानंतर त्यांची बदली झाली की त्यांनी मागून घेतली, आम्हाला कळलं नाही. कीर्तनाला ते पुन्हा आले नाहीत.

बुवा मारुतीकडं तोंड करून उभे राहिले. मग आमच्याकडं न बघता म्हणाले, "दही हाय का कोनाच्या घरी? आज काला करू."

"काका," हितेश म्हणाला, "आनि मैदान?"

"मैदान गेलं. देवाला आता घरी जाऊ दे. दमला तो."

भांडी सगळी कुंपणाच्या आत राहिली होती. घराघरांतून पातेली आली, कुणाकडं लाह्या मिळाल्या, कुणी पोहेच आणले. कीर्तनाला महाराज नव्हते. बुवांनीच नाम घेतलं, पण त्यांना कीर्तन येत नाही. दोन वाक्यं बोलून थांबले. हंडी देवळाच्या दारातच बांधली आणि कुणीतरी हातानंच फोडली. काला वाटला. मी हातावर घेतला, तोंडात घातला. गोड लागायचा तो काला, लहानपणी त्यासाठी आम्ही भांडत असू. त्या दिवशी तो घशाखाली उतरायला पाणी लागलं. वीणा उतरवली आणि कापडात गुंडाळून गाभाऱ्यात ठेवली.

वेणूकाकूंनी काला घेतला नाही. राग धरून नाही, नुसत्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी बघितलं, काकू केंद्राच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसल्या होत्या. टाळ नाही, झेंडा नाही, देवाचा फोटोही नाही. फाटकावरचा शिपाई, तो नवा, परप्रांतातला, त्यांना हिंदीत उठायला सांगत होता आणि त्या त्याला मराठीत विचारत होत्या, आई आहे का रे तुला, जेवलास का. मग रहीमभाई टेम्पो घेऊन आले. त्यांनी एक छत्री रोवून दिली, काही न बोलता, आणि आपल्या धंद्याला गेले.

मी दुपारी गेलो. म्हटलं, "काकू, देवळात बसा, तिथंच सगळी मिळून बसू. वीणा काढू पुन्हा."

त्यांनी मान हलवली. "नको रं बाबा. हितं बरं हाय. हितं मना कोनाच्या मागं जायाचं नाय."

उन्हाचा चटका जरा उतरल्यावर आनंदाबुवा आले. पायांत चप्पल जात नव्हती, फडकं गुंडाळलं होतं. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. बुवांनीही जवळ बसायचं धाडस केलं नाही. गोणपाटाच्या कडेबाहेर, मातीत, थोडं अंतर सोडून बसले. इतकी वर्षं उभं राहिलेला माणूस, त्याला नीट बसताही येत नव्हतं. गुडघे पोटाशी घ्यायचा, सोडायचा. फाटकातून राखाडी गाडी बाहेर निघाली, दोघांच्या अंगावर धुरळा उडवत गेली. काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग थोड्या वेळानं, तिकडं न बघताच, गोणपाटाचं एक टोक ओढून बुवांच्या बाजूला सरकवलं.